टॉवर समोर आहे, पण मोजायचं कोणाचं?

नागपूरच्या त्रिमूर्तीनगरमधल्या एका ताईंनी विचारलं आहे. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर उभा राहिला. यांचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर आणि बाल्कनी थेट अँटेनासमोर. त्यांनी ऑनलाइन एक मीटर मागवलं. रेडिओ लहरींच्या मोडवर ते बाल्कनीत १.८ दाखवतं आणि लाल दिवा लावून ओरडतं. मुलाच्या खोलीत ०.३ दाखवतं. बटण बदलून कूलरजवळ नेलं की आकडा थेट ६०-७०. मोठा मुलगा दहावीत, धाकटी चौथीत. सोसायटीत टॉवर हटवण्यासाठी सह्या चालू आहेत आणि घरात फ्लॅट विकायची भाषा सुरू झाली आहे. त्यांना दोन गोष्टी हव्या आहेत: हे आकडे खरे मानायचे का, आणि मुलांच्या अंगावर रोज किती रेडिएशन येतं ते नीट मोजायचं कसं?

ताई, आधी उत्तर सांगतो, मग कारणं. बाल्कनीतला आकडा ढोबळमानाने खरा असू शकतो, पण तो कायदेशीर मर्यादेच्या फार खाली आहे. कूलरजवळच्या आकड्याचा टॉवरशी काहीही संबंध नाही. आणि तुमच्या मुलाच्या अंगावर दिवसभरात काय येतं, हे या दोन्हींवरून कळत नाही. त्यासाठी टॉवर सोडून मुलाच्या मागे जावं लागेल.

कूलरचं आधी संपवू, कारण या एका आकड्याने बरीच घरं विनाकारण घाबरलेली मी पाहिली आहेत. स्वस्त मीटरमध्ये बहुधा एकाच डबीत दोन-तीन यंत्रं कोंबलेली असतात. एक घरातल्या वायरिंगचं ५० हर्ट्झचं विद्युत क्षेत्र मोजतं, एक मोटारीचं चुंबकीय क्षेत्र, आणि तिसरं रेडिओ लहरी. पहिल्याचं आणि तिसऱ्याचं एकक एकच, व्होल्ट प्रति मीटर, त्यामुळे घोळ होतो. कूलरच्या पंपाजवळ, इन्व्हर्टरजवळ, अर्थिंग नसलेल्या फ्रिजजवळ पहिला आकडा उसळतोच. ते विजेच्या पुरवठ्याचं क्षेत्र आहे, हातभर मागे सरकलात की उतरतं. टॉवरच्या लहरी ७०० मेगाहर्ट्झपासून वर असतात, म्हणजे सेकंदाला ७० कोटींहून जास्त कंपनं. या दोन आकड्यांची तुलना करूच नका. कूलरजवळ तो ६०-७० आला, तर पंपाचं अर्थिंग मात्र जरूर तपासून घ्या. नागपुरात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं दगावतात, आणि तो धोका टॉवरपेक्षा कितीतरी जवळचा आहे.

आता १.८ कडे येऊ. व्होल्ट प्रति मीटर हा आकडा शक्तीच्या वर्गमुळासारखा वागतो. शक्ती हवी असेल तर त्याचा वर्ग करून ३७७ या ठरलेल्या आकड्याने भागायचं. १.८ चा वर्ग ३.२४, भागिले ३७७, म्हणजे चौरस मीटरला साधारण ०.००८६ वॅट, ८.६ मिलिवॅट. मुलाच्या खोलीतलं ०.३ असंच काढलं तर ०.२४ मिलिवॅट. मीटरवर सहापट वाटणारा फरक शक्तीत छत्तीसपट निघाला. बाल्कनीचं दार आणि एक भिंत मध्ये आली, एवढंच.

भारतात १ सप्टेंबर २०१२ पासून जी मर्यादा लागू झाली, ती अशा लहरींपासून संरक्षणाचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाच्या (आयसीएनआयआरपी) १९९८ च्या मर्यादेच्या एक दशांश आहे. ९०० मेगाहर्ट्झला चौरस मीटरला ०.४५ वॅट, १८०० ला ०.९, आणि २००० च्या वर सरसकट १ वॅट. व्होल्टमध्ये सांगायचं तर ९०० ला साधारण १३, १८०० ला १८. तुमचं मीटर पट्टे, म्हणजे कोणत्या मेगाहर्ट्झच्या लहरी किती, हे वेगळं दाखवत नाही, तेव्हा सगळ्यात कडक पट्टा धरू: ७०० मेगाहर्ट्झ, ०.३५ वॅट. त्याच्या तुलनेत तुमची बाल्कनी अडीच टक्क्यांवर आहे. खोली एक टक्क्याच्या दहाव्या भागाच्याही खाली.

मीटर मग ओरडतं का? कारण लाल दिवा कुठे लावायचा हे कारखान्याने ठरवलेलं असतं, भारतीय मर्यादेवरून नव्हे. शिवाय अशी मीटरं बहुतेक वेळा क्षणाचं शिखर पकडून ठेवतात. तुमच्या घरातला वाय-फाय राउटर रिकामा असताना सेकंदाला साधारण दहा वेळा आपली ओळख सांगणारा छोटा संदेश सोडतो आणि मधल्या वेळात जवळपास गप्प असतो. शिखर पकडणाऱ्या मीटरला तो सतत चालू वाटतो. मर्यादा मात्र सरासरीवर बेतलेल्या आहेत. त्याच आयोगाच्या १९९८ च्या नियमांत ६ मिनिटांची सरासरी होती, २०२० च्या सुधारित नियमांत संपूर्ण शरीरासाठी ३० मिनिटांची आहे. त्यामुळे मीटरवर ‘मॅक्स’ लिहिलेलं दिसत असेल तर ते बंद करून सरासरी दाखवणारी सेटिंग शोधा. नसेल तर त्या मीटरचा उपयोग ‘इथे जास्त, तिथे कमी’ एवढं सांगण्यापुरताच.

घरात मोजायचं कसं, हे जरा सविस्तर सांगतो, कारण इथे काळजी घेतली तर साध्या मीटरमधूनही बरंच कळतं. घरातल्या सगळ्यांचे फोन फ्लाइट मोडवर टाका, शेजारच्या खोलीतलेही. एका फोनमध्ये मागे ॲप काहीतरी अपडेट करत असेल तर टॉवर म्हणून तुम्ही तोच मोजाल. मीटर हाताने छातीशी धरू नका. आपलं शरीर लहरी शोषतं आणि परतवतंही. लाकडी काठीला किंवा प्लॅस्टिकच्या स्टूलवर ठेवा आणि स्वतः दोन पावलं मागे व्हा. एका जागेचा एक आकडा घेऊन थांबू नका. भिंती, जमीन, कपाटाचा आरसा यांवरून परतलेल्या लहरी एकमेकींत मिसळून कुठे वाढतात, कुठे खोडल्या जातात. ९०० मेगाहर्ट्झची तरंगलांबी ३३ सेंटिमीटर आहे, ५जीच्या ३५०० ची साडेआठ, त्यामुळे वीतभर सरकलं तरी आकडा दुप्पट-तिप्पट बदलतो. युरोपातल्या मोजणीच्या पद्धतीत जमिनीपासून १.१, १.५ आणि १.७ मीटर उंचीवर मोजून सरासरी काढतात. घरी तेवढं केलंत तरी पुष्कळ. मुलगा जिथे झोपतो तिथे उशीच्या उंचीवर वेगळं मोजा, आणि एकदा दुपारी, एकदा रात्री नऊच्या सुमारास. त्या वेळी सगळी कॉलनी व्हिडिओ बघत असते आणि टॉवरवर ताण असतो.

आपल्या गावात आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. मार्चअखेर खिडकीत लोखंडी पत्र्याचा कूलर चढतो. टॉवरच्या लहरी घरात शिरतात त्या मुख्यतः खिडकीतून, आणि तीच खिडकी मे महिन्यात पत्र्याने बंद होते. जानेवारीत उघड्या खिडकीसमोर घेतलेलं रीडिंग म्हणून उन्हाळ्याचं नसतं, आणि उन्हाळ्याचं हिवाळ्याचं नसतं. उलट उकाड्यात जी मंडळी रात्री गच्चीवर अंथरूण टाकतात, त्यांच्या डोक्यावर स्लॅबही नसतो. वर्षाचा अंदाज करायचा तर दोन्ही ऋतूंत मोजा.

टॉवर ‘आपल्याच’ गच्चीवर असलेले लोक सगळ्यात जास्त घाबरलेले असतात, पण मोजायला गेलं की त्यांच्या घरात बहुधा समोरच्यांपेक्षा कमी निघतं. अँटेनाचा झोत आडवा, किंचित खाली झुकवलेला असतो. थेट खाली फार थोडं येतं आणि जे येतं ते स्लॅब खातो. समोरची, त्याच उंचीची, जवळची बाल्कनी ही खरी मोजायची जागा, म्हणजे नेमकी तुमचीच. तुम्ही जागा बरोबर निवडलीत आणि तिथेही आकडा अडीच टक्के आला, याला म्हणून वजन आहे.

आता मुलाकडे. पर्जन्यमापक पाऊस किती पडला ते सांगतं, कोण किती भिजलं ते सांगत नाही. टॉवरसमोरच्या मोजणीची गत तशीच आहे. मुलगा सकाळी शाळेत, दुपारी घरी, संध्याकाळी ट्यूशनला, कधी मेट्रोने सीताबर्डीला, रात्री फोन घेऊन गादीवर. प्रत्येक ठिकाणचं क्षेत्र वेगळं आणि प्रत्येक ठिकाणी घालवलेला वेळ वेगळा. यासाठी संशोधक अंगावर बाळगायचं मीटर वापरतात. ते दर काही सेकंदांनी एफएम, टीव्ही, टॉवरकडून फोनकडे येणाऱ्या लहरी, फोनकडून टॉवरकडे जाणाऱ्या लहरी, वाय-फाय असे पट्टे वेगळे नोंदवत जातं. सोबत एक रोजनिशी ठेवायची: किती वाजता कुठे होतो.

स्वित्झर्लंडच्या बाझल शहरात १६६ लोकांनी आठवडाभर असं मीटर बाळगलं. २००९ साली त्याचे निष्कर्ष आले. सरासरी निघाली चौरस मीटरला ०.१३ मिलिवॅट. त्यातला साधारण ३२ टक्के वाटा टॉवरचा, २९ टक्के मोबाइल हँडसेटचा आणि २३ टक्के घरातल्या कॉर्डलेस फोनचा. सगळ्यात जास्त क्षेत्र कुठे, तर रेल्वेच्या डब्यात, १.१६ मिलिवॅट. टॉवरखाली नव्हे. धातूच्या डब्यात पन्नास फोन, गाडी धावते आहे, प्रत्येक फोन एकामागून एक टॉवर पकडतो आहे, आणि पत्र्यातून बाहेर पोहोचायला जोर लावतो आहे. ऑफिस सुटायच्या वेळेला सीताबर्डी इंटरचेंजवरून निघालेली भरलेली मेट्रो डोळ्यांसमोर आणा. तेव्हाचे फोन, तेव्हाचं नेटवर्क आणि आजचं यांत फरक आहे, म्हणून तो आकडा जसाच्या तसा नागपूरला लावू नका. क्षेत्र कोण वाढवतं, हे मात्र त्यातून कळतं.

असं मीटर वापरायला मिळालं तर कुठे चुकायला होतं, ते सांगून ठेवतो. एक, मीटर कमरेला डाव्या बाजूला लावलं आणि टॉवर उजवीकडे असला तर मधलं शरीर लहरी अडवतं आणि आकडा कमी येतो. म्हणून पाठीवरच्या बॅगेत, शरीरापासून जरा दूर ठेवणं बरं, आणि त्याच बॅगेत स्वतःचा फोन अजिबात नको. दोन, सरासरी व्होल्टची काढू नका. समजा २३ तास ०.१ होतं आणि एक तास १. साधी सरासरी ०.१४ येते. पण वर्ग करून, शक्तीची सरासरी काढून पुन्हा वर्गमूळ घेतलं तर ०.२३ येतं. तो एक तास साध्या सरासरीत लपून जातो, आणि नेमका तोच महत्त्वाचा असतो. तीन, जुन्या मीटरांना ०.०५ व्होल्टच्या खालचं दिसत नाही, आणि रात्री घरात अशाच नोंदींचा ढीग असतो. त्या शून्य धरल्या की सरासरी खोटी खाली येते, ०.०५ धरल्या की खोटी वर जाते. अशा नोंदी किती होत्या हे ज्या अहवालात लिहिलेलं नाही, त्या अहवालावर मी फार भरवसा ठेवत नाही.

चौथी गोष्ट खास भारताची आहे. युरोपच्या बाजारासाठी बनलेल्या जुन्या यंत्रांत २३०० मेगाहर्ट्झचा पट्टा वेगळा नसतो. आपल्याकडे ४जीचा मोठा भाग याच पट्ट्यावर चालतो आणि तो २४०० च्या वाय-फायला अगदी खेटून आहे. यंत्र मग टॉवरची लहर वाय-फायच्या खात्यात टाकतं किंवा मोजतच नाही. घरात राउटर नसताना वाय-फायचा आकडा मोठा दिसला, तर आधी हीच शंका घ्या.

५जीचं वेगळं आहे. भारतात ते १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं. ३५०० मेगाहर्ट्झवरचे अँटेना लहर सगळीकडे सारखी पसरवत नाहीत, जो फोन डेटा मागतो त्याच्याकडे वळवतात. कोणी काही मागत नसेल तर क्षेत्र अगदी कमी असतं. म्हणून तिथे दोनदा मोजायचं: एकदा सगळं शांत असताना, आणि एकदा बाल्कनीत ५जी फोनवर मोठी फाइल उतरवत ठेवून, पण फोन मीटरपासून चांगला लांब ठेवून. आणि मीटरची वरची मर्यादा आधी पाहा. अडीच किंवा तीन हजार मेगाहर्ट्झपर्यंतच चालणाऱ्या मीटरला हा पट्टा दिसतच नाही, त्यामुळे शून्य आलं म्हणून निर्धास्त होऊ नका.

जाता जाता एक. रेडिओ लहरी या शहराला मोबाइलने आणलेल्या नाहीत. आकाशवाणीचं १५६६ किलोहर्ट्झवरचं नागपूरचं प्रक्षेपण १००० किलोवॅटचं होतं. त्याची तरंगलांबी १९१ मीटर, आणि तरंगलांबीच्या मानाने मनोऱ्याच्या फार जवळ असलं की ते ३७७ ने भागायचं गणित चालत नाही. विद्युत आणि चुंबकीय क्षेत्र वेगवेगळी मोजावी लागतात. मोबाइलसाठी घेतलेल्या मीटरला असं काही समजतही नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि कोणत्याही मीटरने न मोजता येणारं: मुलाचा स्वतःचा फोन. कानाला लावलेल्या फोनशी क्षेत्र इतकं जवळचं आणि गुंतागुंतीचं असतं की शेजारी मीटर धरून आलेला आकडा निरर्थक ठरतो. तिथे शरीराने किती ऊर्जा शोषली ते पाहतात. त्याची भारतातली मर्यादा किलोला १.६ वॅट आहे, कोणत्याही एका ग्रॅम ऊतींच्या सरासरीवर. फोनवर *#०७# दाबलंत तर बहुतेक हँडसेटवर त्या मॉडेलचा आकडा दिसतो. तो प्रयोगशाळेत, फोन पूर्ण जोरावर चालवून काढलेला असतो. प्रत्यक्षात फोन किती जोर लावेल हे रेंजवर ठरतं. ४जी फोनचा कमाल जोर साधारण ०.२ वॅट, आणि रेंज चांगली असेल तर तो शंभर पटींनी किंवा त्याहूनही खाली उतरतो. जुन्या २जी फोनचा ९०० वरचा सरासरी जोर पाव वॅटपर्यंत जायचा. बेसमेंटच्या पार्किंगमध्ये, लिफ्टमध्ये, महाल भागातल्या जुन्या वाड्याच्या आतल्या खोलीत, जिथे रेंजच्या दांड्या एक-दोनवर येतात, तिथे फोन पूर्ण जोरावर असतो आणि तो कानाला चिकटलेला असतो. युरोपातल्या संशोधकांनी सगळ्या स्रोतांची बेरीज करून पाहिली, तेव्हा मेंदूपर्यंत पोहोचणाऱ्या ऊर्जेत कानाला लावून केलेल्या कॉलचाच वाटा सर्वात मोठा निघाला.

सह्यांच्या कागदाबद्दल माझं मत यावरूनच बनलं आहे. समोरचा टॉवर गेला तर बाल्कनीतलं १.८ खाली येईल, हे खरं. पण त्याच दिवशी कॉलनीतली रेंज पडेल आणि घरातला प्रत्येक फोन जास्त जोराने बोलू लागेल, तोही कानापाशी. जो फोन वापरत नाही त्याचा थोडा फायदा, जो वापरतो त्याचं नुकसान. दहावीतला मुलगा कोणत्या गटात बसतो, ते तुम्हालाच माहीत. तुमच्या काळजीला मी हलकं लेखत नाही. दोन मुलांची आई हे विचारणारच, आणि विचारायलाच हवं. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने या लहरींना ‘कर्करोगकारक असण्याची शक्यता’ असलेल्या गटात ठेवलं, आणि त्याला आधार होता तो मुख्यतः फोनच्या अतिवापराच्या अभ्यासांचा. २०२४ मध्ये त्याच संघटनेने करवून घेतलेल्या आढाव्यात मोबाइलचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांत संबंध आढळला नाही. हे दोन्ही मांडून मी सांगेन की या आकड्यांवर फ्लॅट विकण्यासारखं काहीही दिसत नाही. खर्च करायचाच असेल तर मुलाला तारेचा इअरफोन घेऊन द्या, लिफ्टमध्ये आणि पार्किंगमध्ये कॉल न घेण्याची सवय लावा, आणि रात्री फोन उशीखालून टेबलावर न्या.

मनाचं समाधान अधिकृत मोजणीनेच होणार असेल तर तीही करता येते. दूरसंचार विभागाने २०१७ मध्ये ‘तरंग संचार’ हे पोर्टल सुरू केलं. तिथे नकाशावर आपल्या परिसरातला टॉवर शोधून तो नियमात बसतो की नाही ते पाहता येतं, आणि ४,००० रुपये भरून आपल्या जागी मोजणी मागवता येते. सोसायटीने वर्गणी काढली तर घरटी फार पडत नाही. माणसं आली की बाल्कनी आणि मुलाची खोली दोन्ही मोजून घ्या, जमलं तर रात्री नऊच्या सुमारास. एकच एकत्रित आकडा घेऊन त्यांना परत पाठवू नका. ७००, ९००, १८००, २१००, २३०० आणि ३५०० चे आकडे वेगळे मागा. प्रत्येकाला त्याच्या मर्यादेने भागून आलेले अपूर्णांक बेरजेत एकच्या खाली हवेत. अहवालावर वेळ, उंची, किती मिनिटांची सरासरी आणि यंत्राच्या कॅलिब्रेशनची, म्हणजे अचूकता तपासल्याची, तारीख असायला हवी. ती नसेल तर सही करण्याआधी तिथल्या तिथे लिहून घ्या.